पावसाळापूर्व कामांत लसीकरणाचा दिवसही धरा: गृहनिर्माण सोसायट्यांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

मी पुण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या इमारतींमधले प्राणी माझ्याकडे येतात आणि त्यांच्याबरोबर तुमच्या नोटिसाही येतात. लोक मोबाइल पुढे करून दाखवतात: लिफ्टमधून कुत्रा नेऊ नये, बागेत आणू नये, भुंकल्यास दंड आकारला जाईल. अशा बऱ्याच नोटिसा मी वाचल्या आहेत. प्राण्याला शेवटची लस कधी दिली, जंताचं औषध कधी दिलं, असा प्रश्न मला एकाही नोटिशीत दिसला नाही. तो प्रश्न तुम्ही विचारावा, म्हणून हे पत्र.

दरवर्षी उन्हाळ्यात तुम्ही गच्चीचं वॉटरप्रूफिंग, ड्रेनेजची सफाई, झाडांची छाटणी अशी कामं काढता. त्याच यादीत आवारातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांच्या लसीकरणाचा आणि तपासणीचा एक दिवस घाला आणि त्याची नोंद सोसायटीच्या दप्तरात ठेवा, एवढीच माझी मागणी आहे.

"ज्याचा कुत्रा त्याने बघावं, यात सोसायटीचा काय संबंध?" असं मला एका सचिवांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. पण माझ्याकडे येणारे निम्मेअधिक टाळता येण्यासारखे आजार फ्लॅटच्या आत सुरू होतच नाहीत. ते जिन्यात, लॉनवर, पार्किंगच्या भिंतीत, मीटररूमच्या मागच्या गटारात लागतात. या सगळ्या जागा तुमच्या ताब्यात आहेत.

पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचंच बघा. पावसाळ्याच्या तोंडावर एका मोठ्या सोसायटीतलं लॅब्राडोरचं अडीच महिन्यांचं पिल्लू आलं. आजोबांनी ते टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं होतं. पार्व्होच्या रक्ताळ जुलाबाचा वास इतका वेगळा असतो की दार उघडायच्या आधीच आम्हाला अंदाज येतो. हिरड्या पांढऱ्याफटक. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती, इतकं अंगातलं पाणी गेलेलं. पुढच्या पायाची शीर सापडेना. अंगठ्याने दाबून धरायची, गरम पाण्याच्या बाटलीने पाय शेकायचा, पुन्हा बघायचं. शेवटी सुई बसली आणि सलाइन सुरू झालं. आजोबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "पहिलं इंजेक्शन झालंय हो डॉक्टर. कार्ड आणलंय." एक इंजेक्शन झालं म्हणून नातवंडं त्याला रोज संध्याकाळी लॉनवर खेळायला नेत होती.

चौकशी केली तेव्हा कळलं की काही महिन्यांपूर्वी त्याच विंगमधल्या एका घरातलं पिल्लू जुलाब होऊन गेलं होतं. तेव्हा जिना आणि लॉबी फिनाइलने स्वच्छ धुतली होती. फिनाइलने पार्व्होचा विषाणू मरत नाही, त्याला ब्लीचचं पाणी लागतं. आणि लॉनच्या मातीला ब्लीच कोण घालणार? सावलीतल्या ओलसर मातीत हा विषाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकून राहतो. पहिल्या घराने दुःख केलं, विषय मिटला. दुसऱ्या घराला कुणी सावध केलंच नाही, कारण अशी नोंद ठेवायची असते हे सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. आजोबांचं पिल्लू वाचलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या भागातून आलेलं एक वाचलं नाही. १९७८ च्या सुमारास हा आजार जगभरच्या कुत्र्यांमध्ये अचानक पसरला आणि काही वर्षांतच त्यावर लस आली. लस काही शे रुपयांत होते, पार्व्होच्या ॲडमिशनचं बिल काही हजारांत जातं, आणि तेवढं करूनही प्राणी हाती लागेल याची हमी मी देऊ शकत नाही.

एका इंजेक्शनवर का भागत नाही, हे तुम्हालाही माहीत असावं, कारण पिल्लू खाली कधी आणायचं हा नियम तुम्हीच करणार आहात. पिल्लाला आईच्या चिकातून तयार प्रतिकारशक्ती मिळते. ती अंगात असेतो बाहेरून दिलेली लस ती निकामी करते. ती कुठल्या पिल्लात आठव्या आठवड्याला संपेल आणि कुठल्या पिल्लात चौदाव्या, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. तोवर त्याला कडेवर घेऊन फिरवा, माणसं दाखवा, गाड्यांचे आवाज ऐकू द्या, पण सार्वजनिक लॉनवर सोडू नका. सोसायटीने फक्त एवढा नियम केला तरी पिल्लं वाचतील.

आता पार्किंगमध्ये या. गोचीड कुत्र्याच्या अंगावर राहतो असा समज आहे. प्रत्यक्षात शहरातला तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगाबाहेर काढतो. रक्त प्यायला अंगावर चढतो, पोट भरलं की खाली पडतो, कात टाकतो, पुन्हा नवा कुत्रा शोधतो. मादी भिंतीच्या फटीत, प्लास्टरच्या भेगेत शिरून हजारोंनी अंडी घालते. तुमच्या बेसमेंटमधल्या खांबावर टॉर्च मारून बघा. जमिनीलगत, पाइप भिंतीत शिरतो त्या जागी, वॉचमनच्या खुर्चीमागे. मोहरीएवढे तांबूस ठिपके सरकताना दिसतील. हे गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तातले जंतू पसरवतात, आणि त्यांच्या आजाराला आपण सरसकट टिक फीवर म्हणतो. कुत्रा दोन दिवस जेवत नाही, ताप असतो, लोकांना वाटतं ऊन लागलं. मग एक दिवस नाकातून रक्त येतं. तोवर रक्तातल्या प्लेटलेट्स तळाला गेलेल्या असतात.

एका घराने महिन्याच्या महिन्याला गोचिडाचं औषध दिलं आणि शेजारच्या तीन घरांनी दिलं नाही, तर भिंतीतले गोचीड संपत नाहीत. इमारतीतल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच आठवड्यात औषध आणि त्याच आठवड्यात भेगा बुजवून पार्किंगची फवारणी, असं जुळवलं तर खरा फरक पडतो. लिफ्टचं एएमसी प्रत्येक मजल्याने वेगवेगळं केलं तर जे होईल, तेच आज गोचिडांच्या बाबतीत होतंय.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवाल तेव्हा दोन गोष्टी मात्र आधी कळवा. फवारणीची तारीख आदल्या दिवशी सगळ्यांना सांगा, कारण त्या औषधांतल्या पायरेथ्रॉइड गटाचा मांजरांना फार त्रास होतो. जमीन वाळेपर्यंत मांजरं आत ठेवायला हवीत. आणि उंदरांसाठी विषाच्या वड्या बागेत उघड्यावर टाकू नका. त्या खाल्लेला कुत्रा दोन-चार दिवस ठणठणीत दिसतो आणि नंतर आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. कुठलं विष टाकलंय त्याचं पाकीट सोसायटीच्या ऑफिसात जपून ठेवलं असेल तर उतारा लगेच देता येतो. अशा वेळी पाकीट मिळालं तर माझा अर्धा दिवस वाचतो आणि तेवढ्या वेळात प्राणीही वाचतो.

उंदरांवरून लेप्टोकडे येते. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसं दगावली, ते आठवत असेल. पुण्यात आपण स्वतःला सुरक्षित समजत होतो, पण जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीच्या इमारतींत पाणी शिरलं तेव्हा पार्किंग, गटार आणि उंदरांची बिळं एकच झाली. उंदराच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात. कुत्रा त्यातून चालतो, तोंड घालतो. त्याला ताप येतो, उलट्या होतात, डोळे पिवळे पडतात, मूत्रपिंडं आणि यकृत दोन्ही झोडपून निघतात. बरा झालेला कुत्राही काही काळ लघवीतून जंतू टाकत राहतो, आणि ती लघवी पुसणाऱ्या हाताला बारीकशी जखम असली तरी पुरते. सोसायटीत तो हात बहुतेक वेळा हाउसकीपिंगच्या मावशींचा असतो. त्यांना रबरी हातमोजे द्या, हे लसीच्याही आधी सांगते.

लेप्टोची लस सगळ्या प्रकारच्या लेप्टोवर चालत नाही. पण ज्या प्रकारांवर चालते त्यांच्यापासून जीव वाचतो. ती दरवर्षी घ्यावी लागते. पहिल्यांदा घेताना, किंवा मध्ये मोठा खंड पडला असेल तर, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. म्हणून शिबिर एप्रिलच्या शेवटी ठेवावं आणि ज्यांना दुसरा डोस लागेल त्यांच्यासाठी मेच्या शेवटी पुन्हा तासभर बसावं. जूनमध्ये पहिली सर पडेल तेव्हा अंगात प्रतिकारशक्ती तयार असते.

रेबीजबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको, असं मला वाटायचं. आता वाटत नाही. "आमचा घरातच असतो, त्याला कसला रेबीज" हे वाक्य सुशिक्षित घरांमधून अजूनही ऐकू येतं. रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा पिसाळून धावत सुटतो, हाही गैरसमज आहे. एक प्रकार शांत असतो. कुत्रा कोपऱ्यात बसतो, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलंय. मग घरातला प्रत्येक जण मायेने त्याच्या तोंडात हात घालून हाड शोधतो. असं एक कुटुंब माझ्या दवाखान्यात उभं राहिलंय, आजीपासून शाळकरी मुलापर्यंत सगळे. सगळ्यांना लगेच सरकारी दवाखान्यात पाठवलं, सगळ्यांना लस आणि सीरम मिळालं, ते सगळे सुखरूप आहेत. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ शंभर टक्के प्राण घेतो, माणसाचा काय आणि कुत्र्याचा काय. त्या घरातल्या कुत्र्याची लस वर्षानुवर्षं राहून गेली होती, आणि कुणी आठवणही केली नव्हती.

परिसरातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली की त्यांच्यातली रेबीजची साखळी तुटते, हे जगभर मानलं गेलेलं प्रमाण आहे. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवलंय. वर्षानुवर्षं गल्लोगल्ली फिरून पाळीव आणि भटक्या, दोन्ही कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. त्याच वर्षी, २८ सप्टेंबरला, केंद्र सरकारने २०३० पर्यंत कुत्र्यांमार्फत होणारा रेबीज देशातून संपवण्याचा आराखडाही मांडला. सत्तर टक्क्यांचं हे गणित तुमच्या गेटच्या आतही लागू पडतं. म्हणून वॉचमनच्या केबिनजवळ बसणारे, बिस्किटांवर वाढलेले ते दोन-तीन कुत्रे शिबिरातून वगळू नका. त्यांना खायला घालणारे रहिवासी त्यांना हाताळू शकतात, त्यांचीच मदत घ्या. कानाला खूण असेल तर नसबंदी झालेली आहे. पण त्या वेळची लस कायमची पुरत नाही, ती पुन्हा द्यावी लागते.

कुणाला चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. हे चार ओळींचं पोस्टर लिफ्टमधल्या आरशाखाली लावा.

विष्ठेवरून तुमच्याकडे जी भांडणं होतात, त्यातही मला थोडं बोलायचंय. ती उचललीच पाहिजे, यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे, आणि कारण स्वच्छतेपेक्षा मोठं आहे. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि तिथे वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात. घसरगुंडीखालच्या वाळूत खेळणाऱ्या मुलाच्या नखांतून ती पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यातही पोचतात. पण ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधक नसतात, त्यांना पिकायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे त्याच दिवशी उचलली की धोका जवळपास संपला. त्याच्या जोडीला मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, आणि पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासूनच, कारण ते आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतं. दंडाच्या नोटिशीत ही दोन वाक्यं घातली तर लोक दंडापेक्षा त्या वाक्यांमुळे जास्त ऐकतील. मुलं सगळ्यांच्याच घरात आहेत.

शिबिराचा दिवस फक्त सुया टोचण्यात जाऊ नये. डॉक्टरांना प्रत्येक प्राण्यामागे पाच-सात मिनिटं मिळाली तर बरंच काही हाती लागतं. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबायची. ती पांढरी होऊन दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हे घरच्यांना तिथल्या तिथे शिकवता येतं. दातांवरचं पिवळं कीटण, बोटांच्या मधल्या खाचा, कानाच्या पाळीची आतली बाजू, पट्ट्याखालची मान, फासळ्या हाताला लागतात की चरबीखाली गडप झाल्यात. नसबंदी न झालेली मधल्या वयाची कुत्री असेल आणि माजावर येऊन महिना-दोन महिने झाल्यावर ती खूप पाणी पिऊ लागली असेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यायची. हा आजार रात्रीतून जीव घेऊ शकतो आणि वेळेवर नसबंदी केली असेल तर होतच नाही. सात वर्षांवरच्या प्राण्याचं वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासावी. मूत्रपिंडाचं साधारण पाऊण काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढत नाही, त्यामुळे लक्षणांची वाट बघितली की उपचाराला फारसा वाव उरत नाही.

मांजरांकडे कुणी बघतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ती भुंकत नाहीत, लिफ्टमध्ये भेटत नाहीत, म्हणून तुमच्या वहीत त्यांची नोंद नसते. "ती घराबाहेर जातच नाही" म्हणून लसही नसते. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया हा पार्व्होचाच भाऊबंद आहे आणि आपल्या चपलांना चिकटून घरात येतो. मांजर आजार शेवटपर्यंत लपवते. बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी आणा. उद्या नाही. आणि कृपा करून ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळीही जीव घेते.

खर्चाचा आणि विश्वासाचा प्रश्न तुमच्या बैठकीत निघेल. "दरवर्षी लस म्हणजे कंपन्यांचा धंदा" असं कुणीतरी म्हणेल. त्यांना सांगा की दरवर्षी सगळ्याच लसी लागतात असं नाही. पिल्लाचे डोस आणि वर्षानंतरचा बूस्टर नीट झाला असेल तर पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा असाच आणखी एक विषाणूजन्य आजार) यांची लस मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांनी एकदा दिली तरी चालते, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. लेप्टो मात्र दरवर्षी. रेबीजची लस आपल्याकडे दरवर्षी दिली जाते, आणि महापालिकेच्या कुत्र्याच्या परवान्यासाठीही तिचा दाखला लागतो. कोणत्या प्राण्याला काय लागतं हे कार्ड बघून ठरवणारा डॉक्टर बोलवा. राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेला बोलवा. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेली असली पाहिजे. खिशातून कुपी काढून टोचणाऱ्या ब्रीडरच्या माणसाला गेटच्या आत घेऊ नका. प्रत्येक कार्डावर कुपीचा स्टिकर, बॅच नंबर, मुदत, सही आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे तुमच्या सचिवांनी तपासावं.

आपल्यापैकी बहुतेकांची मुळं गावात आहेत. पावसाळा तोंडावर आला की घटसर्प-फऱ्याची लस टोचून घ्यायला दावणीची जनावरं सोडून सरकारी दवाखान्यासमोर रांगेत उभी करायची, हे आपल्या वाडवडिलांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गावंच्या गावं लसीसाठी पुढे आली. आजार यायच्या आधी टोचून घ्यायची ती रीत शहरात येताना मागे राहिली, आणि दाराशी बसणाऱ्या कुत्र्याला तर ती गावातही फारशी मिळाली नव्हती.

पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय. तेव्हा त्या वादात आणखी वर्षं घालवण्यापेक्षा प्राणी निरोगी राहतील ते बघणं तुमच्या हातात आहे. तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. त्याच्या दोनच दिवस आधी, २८ तारखेला, जागतिक रेबीज दिन असतो. सभेची नोटीस काढाल तेव्हा विषयपत्रिकेत हा एक विषय घ्या: आवारातल्या प्राण्यांची लसीकरण नोंदवही आणि दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी शिबिर. लसीचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत. भटक्या कुत्र्यांच्या लसींचा खर्च सोसायटीने उचलावा, तो तुमच्या दिवाळीच्या लायटिंगपेक्षा नक्की कमी येईल.

शिबिरासाठी क्लबहाउस किंवा पार्किंगचा सावलीचा कोपरा, कमरेएवढं टेबल, प्लग, हात धुवायला पाणी, एवढं पुरतं. कुत्रे पट्ट्यावर आणि एकमेकांपासून लांब, मांजरं पिंजऱ्यात, आणि त्यांची वेळ कुत्र्यांच्या आधी, सकाळी आठला. ताप असलेला, आजारी किंवा गाभण प्राणी आणला असेल तर त्याला त्या दिवशी टोचू नये. टोचल्यावर वीस-पंचवीस मिनिटं तिथेच थांबवा, तोंड सुजलं तर डॉक्टर जवळ हवेत. जंताचं औषध आठवडाभर आधी घरी देऊन ठेवायला सांगा. ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील आणि त्यांना मोठा कुत्रा खाली आणणं जमत नसेल, तर वर जाऊन टोचायची यादी आदल्या दिवशी डॉक्टरांच्या हातात द्या.

कळावे,
आपली,
एक पशुवैद्यक, पुणे